पंचायतीत ‘पैसे नाहीत’ म्हणाले, तर पोच मागा

रोजगार हमीचा (मनरेगाचा) निधी कमी केल्याचा आदेश पंचायतीच्या फळ्यावर कधीच लागत नाही. "आता काम नाही, पावसाळ्याआधी बघू," एवढंच तोंडी सांगितलं जातं. बाई घरी परत जाते आणि सरकारदरबारी तिने काम मागितलेलंच नसतं. गोव्यात या कामावर बहुतेक बायकाच असतात, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

कपात होते ती अशी. केंद्राची तरतूद २०२४-२५ मध्ये ८६,००० कोटी होती, २०२५-२६ मध्येही तेवढीच राहिली. त्याच काळात गोव्यातली मजुरी ३५६ वरून ३७८ रुपये झाली. ही वाढ हवीच होती, पण पैसा तेवढाच राहिला तर दिवस घटणारच. त्यात नव्या वर्षाच्या पैशातून आधी मागची थकबाकी भागवली जाते. मनरेगात प्रशासकीय खर्चाला एकूण खर्चाच्या ६ टक्क्यांची मर्यादा होती. कामं कमी निघाली की हाही पैसा आटतो, आणि ग्राम रोजगार सहायकाचा पगार त्यातूनच होतो. अर्ज घेणारा माणूसच गेला तर अर्ज घेणार कोण?

म्हणून काम मागायचं ते लेखीच. नमुना ६ (काम मागण्याचा छापील अर्ज) नसेल तर साधा कागद चालतो. नाव, जॉब कार्ड क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून किती दिवस काम हवं ते लिहा. मागणी किमान सलग १४ दिवसांची असावी. चार-पाच जणींनी मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो, आणि तोच टाळायला जास्त जड जातो. तारीख घातलेली पोच हातात घेतल्याशिवाय उठू नका. पंचायत घेत नसेल तर अर्ज गट विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीचा किमान पाव हिस्सा, म्हणजे ३७८ च्या दराने रोज साडेचौऱ्याण्णव रुपये. तो राज्याने द्यायचा असतो. पोच नसेल तर यातलं काहीच मागता येत नाही.

पैसा असूनही काम निघत नाही, असंही होतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात कामच नसेल तर मस्टर (हजेरीपत्रक) कशाचं काढणार? आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभेत ठरतो. व्हाळातला गाळ उपसणं, शेताचे बांध, वाटेकडेचं रान बेणणं ही कामं तिथे नावानिशी, जागेसकट इतिवृत्तात लिहून घ्या.

मजुरी मस्टर संपल्यावर १५ दिवसांत खात्यात यायला हवी. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई मिळते. सहा दिवसांच्या २,२६८ रुपयांवर महिनाभराचे जेमतेम ३४ रुपये होतात, म्हणून कोणी मागत नाही. तरी मागावेत, कारण त्यामुळे उशिराची नोंद होते. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी नवं खातं उघडलं असेल तर आधी तिथलं पासबुक भरून पाहा. हजेरीचे दोन फोटो ॲपवर चढले नाहीत तर दिवस बुडतो. नेटवर्क नसेल तर मेटने (कामावरच्या मुकादमाने) त्याच दिवशी गट कार्यालयाला लेखी कळवावं.

वरचे नियम मनरेगाचे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीच्या कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर आला. राज्याला किती पैसा द्यायचा ते केंद्र आधीच ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्राचा होता. आता प्रत्येक मागणी राज्याच्या तिजोरीवर पडते, त्यामुळे ‘नंतर या’ जास्त ऐकू येईल अशी मला धास्ती आहे. पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे. त्या तारखा तुमच्या तालुक्यासाठी कोणत्या, हे ग्रामसभेत विचारा आणि अर्जातली तारीख त्याच्या बाहेरची घाला.