मरायला किती वेळ लागतो?

डॉक्टर घड्याळात बघतात आणि कागदावर वेळ लिहितात. चार वाजून दहा मिनिटं. कायद्याला एवढं पुरतं, घरच्यांना पुरत नाही. आपण 'गेले' म्हणतो खरं, पण गेलेला माणूस पोचेपर्यंत वाटेतच असतो ना? ही वाट किती लांबीची, याचे जगभरातले हिशेब मला भारी मजेशीर वाटतात. (मृत्यूच्या बाबतीत मजेशीर म्हणू नये, माहीत आहे.)

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांत श्वास थांबलेला माणूस 'तो माकुला' होतो. म्हणजे आजारी. तो घरातच झोपलेला असतो. त्याच्यापुढे ताट ठेवतात, खोलीत शिरताना त्याला सांगून शिरतात, पाहुणेही त्याची चौकशी करतात. अंत्यविधीला रेडे कापायचे असतात आणि ते काही स्वस्त नसतात. त्यामुळे हे आजारपण महिनोन्‌महिने चालतं, कधी काही वर्षंही. बहुतेक तोराजा आज ख्रिस्ती आहेत. चर्चला जाऊन येतात आणि आजोबांना जेवायला वाढतात. याला वेडेपणा म्हणवत नाही. आजोबा उठून जेवणार नाहीत हे वाढणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्याला फक्त घाई नसते.

प्राचीन इजिप्तमध्ये ममी करायला ७० दिवस घेत. तिबेटी बौद्धांच्या मते पुढचा जन्म मिळायला ४९ दिवसांपर्यंत लागू शकतात, तोवर लामा ग्रंथ वाचून गेलेल्याला वाट सांगत राहतो. इस्लाममध्ये दफन लवकरात लवकर उरकतात, पण विधवेची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर तिने पाळायचा काळ, चार महिने दहा दिवस चालते. माती दिली तरी घर लगेच मोकळं होत नाही. मेक्सिकोत तर गेलेला दर नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला परत येतो. त्याला घर सापडावं म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट पसरतात.

पण सगळ्यात हळवा हिशेब ज्यूंचा. दफन शक्यतो लगेच, मग सात दिवस घरात बसून शोक. आईवडिलांसाठी मुलं 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतात. जुन्या समजुतीप्रमाणे दुष्टातल्या दुष्ट आत्म्याला शुद्ध व्हायला बारा महिने लागतात. आता पूर्ण बारा महिने प्रार्थना केली, तर आपणच आपल्या बापाला त्या रांगेत उभं केल्यासारखं व्हायचं. म्हणून मुलं अकरा महिने झाले की थांबतात.