आजीचा अंगठा

११ मे २०२०. सकाळी रोकड मोजून घेतली. बॅगेत मोबाईल, अंगठ्याचं मशीन, सॅनिटायझरची बाटली आणि धुतलेला सुती रुमाल टाकला आणि वरच्या वाडीची पायऱ्यांची पाखाडी चढायला लागले. अर्ध्या वाटेवर बांबूचा कळक आडवा बांधलेला. त्याच्या अलीकडे पाण्याचा भरलेला हंडा ठेवला होता. वर एकच घर आहे, फणसाच्या झाडाजवळचं. तिथे आजी एकटी राहते.

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात मी ब्रँच पोस्टमास्तर आहे. लॉकडाऊनमध्ये पोस्ट अत्यावश्यक सेवेत होतं, त्यामुळे मी एकही दिवस घरी बसले नाही. एसटी बंद, बँक १७ किलोमीटरवर. जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिलपासून तीन महिने दरमहा ५०० रुपये येणार होते, आणि वेळेत काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल अशी अफवा गावोगाव पसरली होती. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या मशीनवर कुठल्याही बँकेतले पैसे काढता येतात, फक्त खातं आधारला जोडलेलं हवं. आधार नंबर टाकायचा, बँक निवडायची, रक्कम टाकायची आणि माणसाचा अंगठा काचेवर ठेवायचा. अंगठा लागला की पैसे.

सगळं त्या अंगठ्यावर अडायचं. सरकार सांगत होतं लांब उभे राहा, कुणाला शिवू नका, आणि माझं काम एकमेकांच्या बोटांशिवाय होत नव्हतं. त्या इवल्याशा काचेवर दिवसाला तीस-चाळीस माणसांची बोटं टेकायची. प्रत्येक बोटानंतर मी काच पुसायची. तरी रात्री झोपताना ती लाल उजेडाची काच डोळ्यांसमोर यायची.

घरी सासू-सासरे आणि चार वर्षांची मुलगी. कामावरून आले की मागच्या दारी चुलीवरच्या कढत पाण्याने आंघोळ, कपडे सोड्याच्या पाण्यात, आणि माझं अंथरूण पडवीत. ओटीच्या उंबऱ्यापाशी मी खडूने रेघ मारली होती. मुलगी रेघेच्या आत बसून मला दिवसभराचं सांगायची. पहिल्या आठवड्यात ती रडली, मग तिला सवय झाली, आणि तिला सवय झालेली बघून मला जास्त रडू यायचं. एप्रिलमध्ये बातमी आली की कामावर असताना कोरोनाने मृत्यू झाला तर पोस्टाच्या माणसाच्या घरी १० लाख मिळतील, माझ्यासारख्या ग्रामीण डाकसेवकांनाही. माणसांना धीर यावा म्हणून केलेली ती घोषणा होती. सासूबाईंनी ती ऐकली आणि हातातलं सूप खाली ठेवून त्या आत निघून गेल्या.

आणि नवरा मुंबईत. डिलाईल रोडला आमच्या गावकीची खोली आहे, त्या एका खोलीत तेव्हा नऊ जण होते. संडास मजल्याला सामाईक. कंपनी बंद, खानावळ बंद, स्टोव्हवर खिचडी करून दिवस काढत होते. रोज रात्री नऊ वाजता फोन यायचा. घरात रेंज नाही, म्हणून मी सड्याच्या माळावर जाऊन उभी राहायची. तो बोलायचा, आणि मी त्याच्या बोलण्याकडे कमी आणि श्वासाकडे जास्त लक्ष द्यायची. मध्येच घसा खाकरला तरी माझ्या पोटात खड्डा पडायचा. ६ मेला तो म्हणाला, "डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळालंय, पास निघेल. येऊ काय?" मी म्हटलं, "थांब अजून थोडे दिवस." घरात म्हातारी माणसं आहेत, पोर आहे, गावात कुणी नीट बघणार नाही, अशी कारणं मी दिली. ती खरीही होती. पण मला त्याचीच भीती वाटत होती, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते कळलं असावं. त्यानंतरचे फोन लवकर संपायला लागले.

तर तो कळक. खाली उभ्या असलेल्या पोराने सांगितलं, आजीचा मुलगा पाच दिवसांपूर्वी मुंबईहून आला. त्याला गाडीतून उतरवून थेट शाळेत ठेवलाय, १४ दिवसांसाठी. पण तो उतरला तेव्हा आजी रस्त्यावर धावत गेली आणि कुणी अडवायच्या आत तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. म्हणून आता तिलाही घरात बसवलंय. विहिरीवर यायला बंदी. शेजारची सून रोज एक हंडा कळकापाशी ठेवते.

कळक बांधणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्या दिवसांत कुणाला काय कळत होतं? पण पंच्याहत्तरीच्या बाईला विहीर बंद करणं चूकच होतं, आणि एक हंडा पाण्यात तिने प्यायचं काय, हात धुवायचे काय? मी हंडा उचलला, कळकाखालून वाकून वर गेले.

आजी अंगणात फणस कापत बसली होती. मला बघितल्याबरोबर तिने पदर नाकावर ओढला आणि हात पुढे केला. "थांब गो बाय, तितंच थांब. माझ्याजवल येव नको."

आमच्या गावात वीस वर्षं मी ज्या अंगणात गूळपाणी प्यायले, तिथे मला कुणी पहिल्यांदाच लांब उभं केलं होतं, आणि तेही माझ्याच काळजीने. मी सांगितलं, दोन महिन्यांचे हजार रुपये जमा आहेत, अंगठा द्यायचा आहे. रेंज फणसाखालीच लागते. तिथल्या धुण्याच्या दगडावर मी मशीन ठेवलं, मोबाईलवर सगळं भरलं आणि सहा पावलं मागे झाले. आजी आली. तिने बोट टेकवलं ते काचेच्या बाजूला. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधूक दिसतं. मी लांबून सांगतेय, "जरा डावीकडे, अजून जरा वर," आणि ते बोट काचेच्या कडेकडेने फिरतंय. मध्ये एकदा नेमकं बसलं तर अंगठा जुळत नाही असा मेसेज. पुन्हा केलं, पुन्हा तोच मेसेज. सॅनिटायझर टाकून पुसायला सांगितलं, तरी नाही.

एरवी असं झालं की मी काय करायची ते सांगते. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. लावणी, भांडी, शेण, विळा, सगळ्यांनी मिळून त्या पुसून टाकलेल्या असतात. मग आम्ही त्यांचा अंगठा हातात घेतो, कपाळावर नाहीतर केसांत घासून जरा तेलकट करतो, आणि आपल्या दोन बोटांनी वरून हलकं दाबतो. बहुतेक वेळा लागतो. पण मार्चपासून मी कुणाचं बोट धरलं नव्हतं. खिडकीत लोक आपलं आपण ठेवायचे.

पाच वेळा झालं. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. तुझ्या घरात पोर हाय."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते लिहायला आज जड जातंय, पण तसंच वाटलं होतं. मी मशीन पुसलं, बॅगेत टाकलं, पुढच्या आठवड्यात बघू असं काहीतरी बोलले आणि पाखाडीच्या दोन पायऱ्या उतरले. मागून आजीने विचारलं, "शालंवरनं जाशील ना गो? त्याला इचार, रातचा खोकतो काय."

शाळा तिच्या घराच्या बरोबर खाली आहे. ती म्हणाली, रात्री सगळं निजलं की मी पायरीवर येऊन बसते. शाळेतून खोकल्याचा आवाज येतो का ऐकते. कुत्रं भुंकलं तर राग येतो, त्यात ऐकू येत नाही. काल दोनदा कुणीतरी खोकलं, पण तो आपला की दुसऱ्याचा ते ओळखता आलं नाही. तिथे चार जण आहेत.

मी तिथेच थांबले. रोज रात्री सड्यावर उभी राहून मीही हेच करत होते.

मी परत वर गेले. मास्क नाकावर नीट बसवला, हात धुतले, तिला साबणाने हात धुवायला लावले. तिचा उजवा अंगठा हातात घेतला. गार होता, आणि चिकट. धुवूनही चिकट. बघते तर फणसाचा चीक! सकाळपासून ती फणस कापत होती. चिकाचा पातळ थर अंगठ्यावर वाळून बसला होता आणि त्याखाली होत्या नव्हत्या त्या रेघा बुजल्या होत्या. चीक साबणाने जात नाही, तेलच लागतं. तिला खोबरेलाची बाटली आणायला सांगितली आणि त्या दगडावर बसून मी तिचा अंगठा चोळायला लागले. नखाच्या कडेपासून, मग पेर, मग पुन्हा टोक. चीक वळकट्या होऊन निघत होता. रुमालाने पुसायचं, पुन्हा तेल. पाच-सात मिनिटं गेली असतील. आजी एक शब्द बोलली नाही. तोंड दुसरीकडे वळवून बसली होती, मला तिचा श्वास लागू नये म्हणून.

मग काचेवर अंगठा ठेवला, वरून माझी दोन बोटं दाबली. लाल उजेड, थोडा वेळ गोल फिरणारं चक्र, आणि पैसे निघाल्याचा मेसेज.

आजीने हात काढला नाही. मीही सोडवला नाही. दोघी तशाच बसलो. वरून एक पिकलेलं पान तिच्या मांडीवर पडलं, तेवढं तिने झटकलं, डाव्या हाताने. (तो फणस आता नाही. ३ जूनच्या निसर्ग वादळात तो मुळापासून उपटला.)

हजारातली शंभराची नोट तिने मला परत दिली. मुलाला बिस्किटं घेऊन दे म्हणाली, आणि मला फणसाच्या आठिळांची पुरचुंडी. शाळेपाशी मी दगडी गडग्याबाहेरून हाक मारली. तो खिडकीत आला, चाळिशीचा माणूस, गजांना दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, "आई विचारतेय, रात्री खोकतोस काय." तो म्हणाला, "मी न्हाय, कोपऱ्यातला खोकतो, त्याला तंबाखूचा खोकला आहे. आईला तेवढं सांगा." आणि खिडकीतून बाजूला झाला. मी पुन्हा पाखाडी चढून ते सांगून आले. तेवढ्यासाठी अर्धा तास गेला आणि खालच्या वाडीचे लोक ताटकळले, पण तो निरोप पोचवायलाच हवा होता. हंड्याबद्दल मी कोरोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलातल्या लोकांशी भांडले. दुसऱ्या दिवसापासून तीन हंडे यायला लागले.

घरी येऊन मी दोनदा अंगावर पाणी घेतलं. भीती गेली नव्हती. कॅलेंडरवर ११ तारखेपासून १४ घरं मोजली आणि २५ तारखेवर बारीक टिंब केलं. पाचव्या दिवशी घसा खवखवला तेव्हा रात्रभर मिठाच्या गुळण्या केल्या आणि मुलीकडे लांबून बघत बसले. काही झालं नाही, आजीलाही नाही. झालंही असतं. तसं झालं असतं तर आज मी हे कुठल्या तोंडाने लिहिलं असतं, माहीत नाही.

पण त्याच रात्री, ११ तारखेला, नऊचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "पास काढ."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गाववाले?"

"शाळेत राहायला लागेल. १४ दिवस. डबा मी आणीन."

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"वाटतंय," मी म्हटलं. "ये तू."

१९ मेला तो आला. पाच जणांनी मिळून गाडी केली होती, माणशी ३००० रुपये. त्याच सकाळी आजीचा मुलगा घरी गेला होता, त्याच्या जागेवर याची चटई पडली. मी गडग्यावर डबा ठेवून मागे व्हायची, मग तो येऊन न्यायचा. दोन महिन्यांत दाढी वाढलेली, गळ्याची हाडं दिसत होती. मुलगी माझ्या मागे लपून त्याच्याकडे बघायची.

दुसऱ्या सकाळी डबा ठेवून वळले तर वरून हाक आली. आजी पायरीवर उभी होती, कपाळावर हात आडवा धरून.

"गो बाय! तुझा घोव रातचा खोकला न्हाय हां! मी जागीच व्हते!"