आडवी रेघ

अकरा पानांचा एक कोरा फॉर्म मी अजून टाकून दिलेला नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चाललेल्या एका औषधचाचणीत मी क्षेत्रीय समन्वयक म्हणून काम करत होते, तेव्हाचा तो आहे. प्रत्येक सहभागी रुग्णामागे तो भरायचा असे, आणि भरायचा कोणी, तर वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या सिस्टरने. तो तयार करणाऱ्या समितीत तज्ज्ञ डॉक्टर होते, संख्याशास्त्रज्ञ होते, औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. रात्रपाळीला चाळीस खाटा सांभाळणारे मात्र कोणीच नव्हते. पहिल्या महिन्यात परत आलेल्या फॉर्मांची पहिली तीन पाने नीट भरलेली असत, चौथ्यापासून अक्षर तिरके होत जाई आणि सातव्या पानानंतर बहुतेक रकान्यांत नुसती एक आडवी रेघ असे. त्या रेघेचा अर्थ ‘नाही’, ‘लागू नाही’, ‘तपासले नाही’ की ‘वेळ नाही’, हे कोणालाच सांगता येत नसे. संख्याशास्त्रज्ञांनी मला फोनवर विचारले, तेव्हा मीही अंदाजानेच उत्तर दिले, आणि ते उत्तर दिल्याची चुटपुट मला आजही आहे.

दोष फॉर्मचा होता. संशोधनासाठीच उभारलेल्या मोठ्या रुग्णालयात चाचणीसाठी वेगळी माणसे नेमलेली असतात, वेगळी खोली असते, नमुने साठवण्याची सोय असते. एखाद्या प्रदेशाच्या आरोग्यसेवेतून चाचणी राबवायची म्हणजे जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच्या, आधीच कामाने वाकलेल्या माणसांकडून रोजच्या धबडग्यात ती करून घ्यायची. तिथे संशोधन हे पाहुण्यासारखे असते, आणि पाहुण्याने काय काय मागावे याला काही मर्यादा असतात.

मग इतका खटाटोप करायचाच कशाला, असा प्रश्न मला वॉर्डात अनेकदा ऐकावा लागला, आणि तो रास्त आहे. याचे एक उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एखाद्या आजारात नेहमीच्या उपचारांनी शंभरातले दहा रुग्ण दगावतात आणि नव्या औषधाने नऊच दगावतात. एक जीव वाचणे ही लहान गोष्ट नव्हे, परंतु एवढा फरक योगायोगाने पडलेला नाही हे पुरेशा खात्रीने दाखवायचे, तर दोन्ही गट मिळून सुमारे २७,००० रुग्ण लागतात. कोणतेही एक रुग्णालय, ते कितीही नामवंत असले तरी, इतके रुग्ण वेळेत देऊ शकत नाही; संपूर्ण आरोग्यसेवाच देऊ शकते. दुसरे उत्तर रुग्णांच्या निवडीत आहे. निवडक केंद्रांतल्या चाचण्यांतून ऐंशी वर्षांचे, मधुमेह असलेले, मूत्रपिंड थकलेले, घरी कोणी नसलेले रुग्ण नियमानुसार वगळले जातात, आणि पुढे औषध बाजारात आले की ते सर्वाधिक त्यांनाच दिले जाते. श्वार्त्झ आणि लेलूश या दोन फ्रेंच संशोधकांनी १९६७ सालीच हा भेद स्पष्ट केला होता: आदर्श परिस्थितीत औषध चालते का, हा एक प्रश्न, आणि नेहमीच्या परिस्थितीत दोहोंपैकी कोणते निवडावे, हा निराळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच्या परिस्थितीतच शोधावे लागते.

ज्यांनी ते शोधले, त्यांच्या कामात एक साम्य मला दिसते. इटलीमध्ये १९८४-८५ च्या दरम्यान १७६ हृदयरोग अतिदक्षता विभागांनी मिळून हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देऊन पाहिले. सुमारे सतरा महिन्यांत ११,८०६ रुग्ण सहभागी झाले आणि एकवीस दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आलेले दिसले. ब्रिटनमध्ये २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या, कोविडवरच्या उपचारांच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत राष्ट्रीय आरोग्यसेवेची सुमारे पावणेदोनशे रुग्णालये उतरली, आणि पहिला रुग्ण नोंदवल्यापासून तीन महिन्यांच्या आत, १६ जून रोजी, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निष्कर्ष जाहीरही झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर उतरले होते. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीही फायदा दिसला नाही. हे औषध जुने, स्वस्त आणि जवळपास प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात असलेले होते. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग होत नाही हेही दाखवले, आणि माझ्या मते त्याचे मोल तितकेच आहे, कारण त्या काळात ते औषध नुसत्या आशेवर जगभर वाटले जात होते.

या यशामागे अनेक कारणे आहेत, पण मला भावलेले कारण अगदी कारकुनी आहे. नोंदणीच्या वेळी विचारलेले प्रश्न थोडे होते, पुढची नोंद एकदाच, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर, दगावल्यावर किंवा अठ्ठावीस दिवस भरल्यावर करायची होती, आणि बाकीची माहिती आरोग्यसेवेच्या आधीपासून चालत असलेल्या नोंदींमधून जोडून घेतली जात होती. स्वीडनमध्ये याच तत्त्वावर हृदयरोग्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतच चाचणी बसवण्यात आली. रक्तवाहिनीतली गुठळी शोषून काढल्याने जीव वाचतात का, हा तिचा प्रश्न होता आणि ७,२४४ रुग्णांनंतर २०१३ साली मिळालेले उत्तर ‘नाही’ असे होते. ज्या नोंदी डॉक्टर एरवीही करतच होते, त्यांवरच ती चाचणी उभी राहिली.

आपल्याकडेही याची परंपरा आहे, आणि ती बरीच जुनी आहे. मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोगाबाबत सुरू झालेला अभ्यास मला या सर्वांत अधिक जवळचा वाटतो, कारण त्यातला प्रश्न आरोग्यसेवेच्या अडचणीतूनच उभा राहिला होता. आरोग्यधामांत खाटा फार थोड्या आणि रुग्ण अफाट, अशा स्थितीत घरी राहून औषधे घेतली तर चालेल का, हे पाहायचे होते. चिठ्ठ्या टाकून १९३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला आरोग्यधामात विश्रांती, चांगला आहार आणि परिचर्या मिळाली. दुसरा गट दाटीवाटीच्या घरांत, तुटपुंज्या जेवणावर, तीच औषधे घेत राहिला. घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी गोळ्या मोजल्या, लघवी तपासून औषध खरोखर घेतले जाते का ते पाहिले. वर्षअखेरीस घरच्या गटात ८६ टक्के आणि आरोग्यधामातल्या गटात ९२ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आलेला होता, आणि घरातल्या इतरांना असलेला धोकाही वाढलेला नव्हता. क्षयरोगावर घरीच उपचार करण्याची जगभरची पद्धत पुढे या निष्कर्षांवर रुजली.

चिठ्ठ्यांबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त गोंधळ मी तिथेच पाहिला. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी जिच्यामुळे आदर्श ठरली, ती गोष्ट म्हणजे बंद पाकिटे: रुग्ण चाचणीत घ्यायचा हे ठरल्यानंतरच पाकीट उघडायचे, म्हणजे कोणाच्या वाट्याला काय येणार हे आधी कळत नाही. आमच्याकडेही पाकिटे होती. एका रुग्णालयात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, एक अतिशय कनवाळू डॉक्टर पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून आतला शब्द वाचत आणि नवे औषध निघणार असेल तरच अत्यवस्थ रुग्णाला समोर आणत. त्यांच्या हेतूत तसूभरही खोट नव्हती. पण त्यामुळे नव्या औषधाच्या गटात अधिक गंभीर रुग्ण जमा होत गेले, आणि औषध चांगले असते तरी आकड्यांत ते वाईट दिसले असते. हे माझ्या लक्षात आले तेही योगायोगानेच, कारण त्या रुग्णालयाची पाकिटे क्रमाने संपत नव्हती. त्यानंतर आम्ही पाकिटांची पद्धतच सोडून दिली आणि गट सांगण्याचे काम फोनवर, मध्यवर्ती कार्यालयाकडे सोपवले.

काही प्रश्न असे असतात की एकेका रुग्णाची चिठ्ठी काढताच येत नाही. एका केंद्रातल्या सर्वांनाच नवी पद्धत द्यावी लागते. मग चिठ्ठी केंद्राच्या नावाने निघते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांना होणारा क्षय टळतो का, हे पाहणारा अभ्यास याच पद्धतीचा होता. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरचे १०,३४५ लोक होते, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. या पद्धतीची किंमत मात्र मोजावी लागते. एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असतात: तेच डॉक्टर, तेच पाणी, तोच रस्ता. वीस केंद्रांत प्रत्येकी पन्नास, असे हजार रुग्ण घेतले आणि त्यांच्यातले साम्य संख्याशास्त्राच्या शून्य ते एक या मापाने अवघे ०.०५ असले, तरी हजार रुग्णांतून हाती येणारी माहिती जेमतेम २९० सुट्या रुग्णांइतकीच भरते. केंद्रे वाढवण्याऐवजी प्रत्येक केंद्रातले रुग्ण वाढवा, असा आदेश वरून येतो तेव्हा हे गणित कोणी केलेले नसते.

वरून येणारा दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे, ‘आमच्या जिल्ह्यात किती फायदा झाला?’ विचारणाऱ्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण उत्तर देणे धोक्याचे आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज तपासणारी ‘आयसिस-२’ ही १७,१८७ रुग्णांची चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असेच पोटगट करून दाखवण्याचा आग्रह झाला. संशोधकांनी रुग्णांची विभागणी जन्मराशींनुसारही करून दाखवली, अर्थात पाश्चात्त्य सूर्यराशींनुसार. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झाल्याचे दिसले, आणि बाकीच्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी घटलेले दिसले. रुग्णांचे लहान लहान तुकडे पाडले की असे फरक नुसत्या योगायोगानेही दिसतात. जिल्ह्यांचे तक्ते मागणाऱ्या एका अधिकाऱ्यांना मी हा किस्सा सांगितला. ते हसले, आणि जाता जाता तक्ता कधी पाठवता असे विचारून गेले.

संमतीबद्दल नियमांत पुष्कळ लिहिलेले आहे, त्यामुळे मी एवढेच सांगते. एका आजींना मी संमतीपत्र वाचून दाखवत होते. दोन औषधांपैकी कोणते मिळेल हे चिठ्ठीने ठरेल, असे म्हणताच त्यांनी मला थांबवले आणि विचारले, “म्हणजे कोणतं चांगलं ते तुम्हालाही ठाऊक नाही?” मी नाही म्हणाले. “मग तसं आधी सांगायचं ना, बाई,” असे म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला. आमच्या चार पानी पत्रकात हे वाक्य तिसऱ्या पानावर, तेही कर्मणी प्रयोगात दडलेले होते.

फॉर्मचे पुढे असे झाले. दुसऱ्या महिन्याच्या बैठकीला जाण्याआधी मी एका ज्येष्ठ सिस्टरांकडे तो कोरा फॉर्म आणि एक लाल पेन घेऊन गेले, आणि जे खुर्चीवरून न उठता, केसपेपर पाहून भरता येणार नाही ते सर्व खोडायची विनंती केली. त्यांनी रुग्णांच्या भेटीची वेळ संपेपर्यंत थांबायला सांगितले आणि मग दहा मिनिटांत सगळी पाने उलटली. रुग्णाच्या घरातल्या चुलीचा प्रकार गेला, आजोबांचे आजार गेले, तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारलेले वजन एकदाच राहिले. उरला तो मजकूर दीड पानाचा होता. समितीने पुढे त्यात आणखी अर्धी बाजू वाढवली, ती गोष्ट वेगळी. पण सिस्टरांनी खोडता खोडता एक गोष्ट स्वतःहून घातली होती आणि ती समितीने जशीच्या तशी ठेवली: प्रत्येक प्रश्नासमोर ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या शेजारी एक तिसरा चौकोन, ‘विचारले नाही’.