तुर्की सराव-नोंद ३ : ‘आत’, ‘खाली’ आणि मधला ‘न’

साधं स्थान पक्कं झालं. घर म्हणजे एव, घरात म्हणजे एव्दे. शब्दातला शेवटचा स्वर ए, इ किंवा टिंबवाला ओ, यू (ö, ü) असेल तर ‘दे’. आ, ओ, उ किंवा बिनटिंबाचा आय (ı) असेल तर ‘दा’. म्हणून इझ्मिर्दे, पण इस्तांबुल्दा. शब्द प, च, त, क, फ, ह, स, श यांवर संपला की द चा त होतो: सिनोप्ता, सोकाक्ता (गल्लीत). ‘सुद्धा’ अर्थाचा दे/दा मात्र सुटा लिहायचा, आणि त्याचा ते/ता कधीच होत नाही.

खरा घाम निघतो तो ‘खोक्याच्या आत’ला: कुतुनुन इचिन्दे. ‘कुतुनुन’ म्हणजे ‘खोक्याच्या’, इथवर मराठीच वाटतं. पण आपलं ‘आत’ अव्यय आहे, तर तुर्की ‘इच’ हे नाम, ‘आतली बाजू’. ती खोक्याची म्हणून तिला ‘त्याची’चा प्रत्यय लागतो आणि मग विभक्ती. या दोघांमध्ये न येतोच: इच-इ-न-दे. ‘इचिदे’ ही नेहमीची चूक, कारण घाईत न गळतो. टेबलाखाली तसंच: मासानन आल्तन्दा (बिनटिंबाच्या आयसाठी इथे ‘अ’ लिहिला आहे). ‘आर्का’, मागची बाजू, स्वरान्त असल्याने तिथे आधी स सुद्धा येतो: आर्कासन्दा.

दुसरी चूक खास मराठी वळणाची. ‘पेन खोक्यात आहे’ आणि ‘पेन खोक्यात टाकलं’, दोन्हीकडे आपला ‘त’ चालतो. तुर्कीत टाकायचं असेल तर इचिन्दे नाही, इचिने: कालेमी कुतुनुन इचिने कोय्दुम. आतून काढताना इचिन्देन.

‘आहे’चंही तेच. खोक्यात (एखादं) पेन आहे: कुतुनुन इचिन्दे कालेम वार. (ते) पेन खोक्यात आहे: कालेम कुतुनुन इचिन्दे. दुसऱ्यात ‘वार’ लावलं की वाक्य बिघडतं.

‘खोक्यातलं पेन’ मात्र फार सुंदर जुळतं: कुतुनुन इचिन्देकी कालेम. ‘-तला, -तली, -तलं’चं काम एकटा ‘की’ करतो, आणि इथे तो स्वरानुसार बदलतही नाही.

पुढच्या सरावाला घरातल्या दहा वस्तू घ्यायच्या. प्रत्येकीची चार वाक्यं मोठ्याने म्हणायची: कुठे आहे, कुठे ठेवली, कुठून काढली, कुठली.