टाउसनच्या दफनभूमीतील लिपस्टिक

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला लागून असलेल्या टाउसनमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात संध्याकाळी फिरता फिरता मी प्रॉस्पेक्ट हिल दफनभूमीत शिरलो. तेथील एका थडग्याच्या दगडावर लिपस्टिकने माखलेल्या ओठांचे ठसे होते आणि पायथ्याशी कोणीतरी काजळाची पेन्सिल ठेवून गेले होते. थडगे हॅरिस ग्लेन मिल्स्टेडचे, म्हणजे 'डिव्हाइन' या नावाने स्त्रीवेषात वावरणाऱ्या नटाचे.

डिव्हाइन आणि दिग्दर्शक जॉन वॉटर्स ही बाल्टिमोरचीच जोडी. १९७२ साली त्यांनी 'पिंक फ्लेमिंगोज' हा जाणूनबुजून किळसवाणा केलेला चित्रपट काढला, तेव्हा बाल्टिमोर ज्यात येते त्या मेरीलँड राज्याचे स्वतःचे सेन्सॉर मंडळ होते आणि ते १९८१पर्यंत टिकले. (मराठी वाचकाला येथे बालगंधर्व आठवतील, पण बालगंधर्वांचा पदर पाहून बायका पदर घ्यायला शिकल्या, तर कपाळाच्या मध्यापर्यंत नेलेल्या डिव्हाइनच्या भुवया पाहून माणसे दचकत.)

नंतर त्याच भुवया आपण सर्वांनी, काहीही ठाऊक नसताना, लहानपणी पाहिल्या. १९८९च्या 'द लिटल मर्मेड'मधील उर्सुला ही समुद्री चेटकीण डिस्नेच्या चित्रकारांनी डिव्हाइनवरून बेतली. तिच्या गाण्याचे शब्द लिहिणारा हॉवर्ड अ‍ॅशमन हाही डिव्हाइनसारखाच समलिंगी आणि बाल्टिमोरचा. नायकाने आपली इच्छा सुरुवातीलाच गाण्यातून सांगावी आणि तिच्या बळावर पुढची कथा चालावी, ही रंगभूमीवरची रीत त्याने डिस्नेत पक्की रुजवली. मुले चुळबुळतात म्हणून जलपरीचे तसे गाणे कापण्याचे घाटत होते, तेव्हा अ‍ॅशमन त्यासाठी भांडला. आपल्याला नाकारलेल्या जगाकडे टक लावून पाहणारी ती मुलगी त्याला इतकी नेमकी का सापडली असावी, याचा अंदाज मला आता बांधता येतो. 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची गाणी त्याने एड्सने खंगत असताना लिहिली. मार्च १९९१मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याचे ऑस्कर त्याच्या जोडीदाराने स्वीकारले. ज्या चित्रपटांना अमेरिकेत आजही 'कौटुंबिक' म्हणतात, त्यांचा सूर अशा माणसाने लावून दिला आहे.

डिव्हाइनच्या वाट्याला मात्र घराघरांतली कीर्ती फार थोडे दिवस आली. वॉटर्सचा 'हेअरस्प्रे' फेब्रुवारी १९८८मध्ये प्रदर्शित झाला आणि ७ मार्चला डिव्हाइनचे निधन झाले. त्याने साकारलेली आईची भूमिका पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर हार्वी फायरस्टीनने आणि २००७च्या चित्रपटात जॉन ट्रॅव्होल्टाने केली. ती पुरुषानेच करायची, हा आता संकेत झाला आहे.

गेल्या वर्षी आई-बाबा आले असताना त्यांना बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्ट दाखवायला नेले. वॉटर्सने आपला कलासंग्रह या संग्रहालयाला देऊ केला आहे आणि त्या बदल्यात तेथील स्वच्छतागृहांना आपले नाव द्यावे, अशी अट घातली. ती संग्रहालयाने मान्य केली. कोणीही, स्त्री असो वा पुरुष, तेथे जाऊ शकतो. पाटी वाचून बाबा थबकले.

"एवढ्या मोठ्या देणगीदाराचे नाव संडासाला?"

"त्यांनीच मागून घेतले, बाबा."

बाबा हसले नाहीत. पण निघताना परत मागे जाऊन त्यांनी त्या पाटीचा फोटो काढला.