फियाटची टकटक

जुनी फियाट गॅरेजमध्ये आली की मालक आधी आवाजाची नक्कल करून दाखवतो. नक्कल हुबेहूब असली तरी उपयोग थोडाच. आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो ते विचारावं: इंजिन थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली ११०० डी काय किंवा पुढची पद्मिनी काय, इंजिन तेच, १०८९ सीसीचं. त्यात लपवायला फार जागा नाही.

उभ्या गाडीत टिकटिक आली की पहिला संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांवर. त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ८०० आरपीएमला एक ढिला टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळाच वाजतो. क्रँकवरच्या बेअरिंगचे ठोके त्याच्या दुप्पट. नेमका कुठला टॅपेट, ते शोधायला रॉकर कव्हर काढा, इंजिन हळू चालू ठेवा आणि रॉकर व व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवत जा. जिथे पाती शिरताच टिकटिक थांबते, तोच चोर. ऑइल उडतं, शर्ट जुना घाला. ही फट, म्हणजे गॅप, लावायचा तो इंजिन बंद आणि थंड असताना, दोन्ही नंबरांची बेरीज नऊ या हिशेबाने: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तर आठवा लावायचा, तिसरा असेल तर सहावा.

आवाज मारायला गॅप मॅन्युअलपेक्षा कमी ठेवणारे मिस्त्री भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. व्हॉल्व्ह तापून लांबतो, सीटवर नीट बसत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. थोडे वाजणारे टॅपेट परवडले.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तरी अशीच टिकटिक येते. ती इंजिन तापलं की बरेचदा कमी होते, आणि फटीपाशी काजळी दिसते. थंड इंजिनात पोकळ ठकठक येऊन पाच मिनिटांत गेली तर तो पिस्टनचा आवाज, घाई नाही. पुढच्या बाजूने खरखर असेल तर फॅनबेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. खरखर गेली तर वॉटर पंप किंवा डायनॅमोचं बेअरिंग; राहिली तर कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन बघा.

खरी भीती बिगएंडची, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगची. एका लयीत चाललेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला की आतून ठकठक येते, आणि तापल्यावर उभ्या गाडीत ऑइलचा दिवा लुकलुकतो. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक ब्लॉकला अर्थ करा, मग चालू करून ऐका. असं एकेक सिलिंडर घ्या. ज्याची वायर काढल्यावर ठोका दबतो, तिथलं बेअरिंग गेलं. मग गाडी टो करूनच न्यायची. तशीच रेटली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. जाड ऑइल ओतून हा आवाज तात्पुरता दाबता येतो, आणि गाडी विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. घेताना ऑइलची काडी बघा आणि इंजिन चांगलं तापू द्या.

घाटात जोर लावताना येणारी किणकिण वेगळी. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असतं. डिस्ट्रिब्युटर ढिला करून एखाद-दोन अंश मागे घ्या. तरी राहिली तर हेड उतरवून कार्बन खरवडावा लागेल. पण कसाऱ्याचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढत असाल, तर आधी तिसरा टाका.