मोठ्या बाई आणि ग्रहणाची दुपार

ठाण्यात मासुंदा तलावापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांना नावाने कोणीच ओळखत नसे. विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सर्वांच्या त्या ‘मोठ्या बाई’ होत्या. अंगाने मात्र किरकोळ. दोन्ही हात पाठीमागे बांधून व्हरांड्यातून चालण्याची त्यांची सवय इतकी पक्की होती, की मधल्या सुट्टीत मुले त्यांची हुबेहूब नक्कल करत आणि बाई ती थांबून पाहत.

एखादे शिक्षक रजेवर असले, की त्या ऑफ तासाला बाई स्वतः येत, फळ्यावर एकच प्रश्न लिहीत आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यालाच का थांबली, हा त्यांतला मला आठवणारा पहिला प्रश्न. आम्ही तासभर वाटेल ती उत्तरे दिली. बाईंनी एकही खोडले नाही. फक्त रविवारी स्टेशनच्या पुढे जाऊन काय दिसते ते पाहून या, असे सांगितले. पुढे खाडी दिसली. ती ओलांडून कल्याण गाठायला १८५४ उजाडले आणि बोरघाट चढायला १८६३, हे मग आम्हीच वाचनालयातून शोधून आणले, कारण तेथील कपाटांची कुलपे बाईंनी केव्हाच काढून टाकलेली होती.

त्यांचे सगळेच प्रयोग साधले असे नाही. सहामाहीची प्रश्नपत्रिका ‘अ’ तुकडीने ‘ब’साठी आणि ‘ब’ने ‘अ’साठी काढावी, ही कल्पना ऐकायला छान होती, प्रत्यक्षात आम्ही एकमेकांवर असा सूड उगवला, की दोन्ही तुकड्यांत मिळून उत्तीर्ण झालेल्यांची संख्या बोटांवर मोजता आली असती.

पण बाई म्हटले की मला आठवते ती १६ फेब्रुवारी १९८०ची दुपार. मी तेव्हा नववीत होते. कर्नाटकात अंकोला, हुबळी, रायचूर या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. ठाण्यात ग्रहण खंडग्रास असले, तरी सूर्याचा बराच मोठा भाग जाणार होता. भीती तर इतकी पसरली होती, की दुपारी रस्त्यांवर चिटपाखरू नव्हते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी मुलांना पुन्हा बोलावले होते, पालकांच्या सहीने. सायक्लोस्टाईल केलेले ते पत्र वाचून आमच्या आजीने कपाळाला हात लावला. बाईंचा निरोप मात्र तयार होता : ‘आजींना सांग, ग्रहण सुटल्यावर आंघोळ घातल्याशिवाय हिला घरात घेऊ नका. माझी काही हरकत नाही.’ आजीजवळ यावर उत्तर नव्हते.

आम्ही अवघे चौदा जण आलो. आकाशाकडे कोणीही पाहायचे नाही, ही एकच सक्त ताकीद. प्रत्येकाने पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडायचे, सूर्याकडे पाठ करून ते खांद्याशी धरायचे आणि समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडणारे वाटाण्याहून लहान बिंब दर दहा मिनिटांनी वहीत काढायचे. ऊन हळूहळू पिवळट, अशक्त होत गेले. कोणीतरी ओरडले म्हणून वळून पाहिले, तर अंगणातल्या बकुळीखाली पानांच्या फटींतून उतरलेले शेकडो कवडसे, एरवी गोल असणारे, सगळेच्या सगळे कोयत्यासारखे वाकडे झालेले. बाईंच्या पांढऱ्या पातळावरही ते हलत होते. त्या काही बोलल्या नाहीत. हात पाठीमागेच होते. थोड्या वेळाने रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिराण’ ऐकू येऊ लागले, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

सोमवारी आमची चित्रे फलकावर लागली, आणि भांडण जुंपले. तेरा जणांच्या वहीत सूर्याला पहिला घास वरून लागला होता. एकाच्या वहीत खालून. तो हट्टाने सांगत होता की आपलेच बरोबर आहे, पण का, ते सांगेना. अखेर कबुली आली : त्याने एक्स-रेच्या जुन्या फिल्ममधून चोरून थेट पाहिले होते. बाई संतापलेल्या मी तेवढ्याच एकदा पाहिल्या. डोळे गेले असते तर, असे म्हणून त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. चित्र मात्र फलकावरून काढले नाही.

मंगळवारी रात्री दिवे गेले असताना मी मेणबत्तीसमोर तेच भोक पाडलेले पोस्टकार्ड धरले आणि भिंतीवर ज्योत उलटी दिसली. वरचा किरण भोकातून खाली उतरतो, खालचा वर चढतो. म्हणजे तो मुलगाही बरोबर आणि आम्हीही. दुसऱ्या दिवशी मी धापा टाकत बाईंच्या खोलीत जाऊन हे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही, आजही कळत नाही.

‘सातवी ब चा तास ऑफ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मेणबत्ती घे आणि चल.’

वर्गात त्या माझ्यामागून आल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.